ऑड्री हेपबर्न आणि युनिसेफ: तारका मुलांसाठी काम करते म्हणजे नेमकं काय करते?

चौथी_सीट (धागाकर्ती)

दर वर्षी ४ मेच्या आगेमागे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच फोटो येतो. हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न (४ मे हा तिचा वाढदिवस), साधा टी-शर्ट, केस मागे बांधलेले, कडेवर एक हाडकुळं पोर. खाली 'खरं सौंदर्य म्हणजे काय' छापाच्या ओळी. त्या तिच्या नावावर खपतात, तिने लिहिलेल्या नाहीत. त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग. यंदा मीही जोडले आणि मग वाटलं, बाई तिथे जाऊन नेमकं करत काय होती? शोधायला बसले तर बरंच सापडलं, म्हणून हा काथ्याकूट.

आधी सनावळ्या उरकते. सिनेमातल्या माणसांना मुलांच्या कामाला जुंपायची युनिसेफची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीची, पद्धत जुनी, १९५४ मध्ये डॅनी के या विनोदी नटापासूनची. ऑड्री त्यात आली १९८८ मध्ये. आदल्या वर्षी मकावला युनिसेफसाठी संगीताचा कार्यक्रम होता, तिथे ती दोन शब्द बोलली होती. तेव्हा ती साठीला टेकलेली, सिनेमातून जवळजवळ बाहेर पडलेली, स्वित्झर्लंडच्या एका खेड्यात राहणारी. मानधन वर्षाला १ डॉलर. मार्च १९८८ मध्ये इथिओपिया, त्याच वर्षी तुर्कस्तान, व्हेनेझुएला, इक्वेडोर. १९८९ मध्ये ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर, सुदान, बांगलादेश. १९९० मध्ये व्हिएतनाम. सप्टेंबर १९९२ मध्ये सोमालिया. २० जानेवारी १९९३ ला कर्करोगाने गेली, वय ६३.

आता माझं म्हणणं. दौरा हे तिचं काम नव्हतंच. इथिओपियातल्या मेकेलेच्या अनाथाश्रमात पाचशेच्या आसपास पोरं होती, त्यातली दोनचार तिने उचलून घेतली असतील. त्याने कुणाचं पोट भरत नाही. काम सुरू व्हायचं ते विमानातून उतरल्यावर. या शहरातून त्या शहरात, सकाळपासून रात्रीपर्यंत मुलाखती. भाषणं स्वतः बसून लिहायची. इंग्रजी, फ्रेंच, डच, इटालियन येत असल्यामुळे अर्ध्या युरोपच्या टीव्हीवर दुभाष्याशिवाय बोलायची. १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन साक्ष दिली. चेहरा ही तिची पुंजी होती आणि ती तिने पैसे देणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या लोकांसमोर वटवली.

आपल्याकडे उलटं होतं. जाण्याचीच बातमी होते, आल्यावर कुणी तोंड उघडत नाही. मुंबईतली उदाहरणं असतील तर द्या, बरी-वाईट दोन्ही. राजकारण नको, धागा उडेल.

काडेपेटी

पहिला मी! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

काडी टाकूनच सुरुवात करतो. त्या फोटोतल्या बाईचं नाव सगळ्या जगाला माहीत. पोराचं नाव कुणाला माहीत आहे? पुढे जगलं का मेलं? गोरी बाई, काळं पोर, मागे धूळ. इथिओपियातली उपासमार नुसती पावसाअभावी नव्हती, मेकेले म्हणजे टिग्राय प्रांत, तिथे यादवी चालली होती. फोटोत ती यादवी दिसते का? नाही. फोटोत दिसते करुणा. करुणेला कुणी प्रश्न विचारत नाही हीच तिची सोय.

मुलुंडची_मीना

काडेपेटी, सगळीकडे वाईटच बघायचं का हो? तिला लहानपणी लढाईत उपाशी राहावं लागलं होतं. युनिसेफनेच तिला खाऊ घातलं. ते ऋण तिने म्हातारपणी फेडलं. यात पीआर कुठे आलं?

बाय द वे, मी तिला पहिल्यांदा बघितलं ते मॅटिनीला, आईबरोबर. आई म्हणाली होती, किती गं बारीक ही, हिला कुणी जेवायला घालत नाही का. नंतर कळलं की खरंच कुणी घातलं नव्हतं.

पुस्तककीडा

मीनाताई, उपासमार खरी, युनिसेफचा तपशील थोडा निराळा.

सप्टेंबर १९४४ मध्ये आर्न्हेमची लढाई दोस्तांनी हरली. त्याच सुमाराला डच रेल्वे कामगारांनी संप केला, सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडकडे जाणारं धान्य अडवलं. मग कालवे गोठले, होड्याही बंद. तो 'भुकेचा हिवाळा', त्यात वीस हजारांच्या आसपास माणसं मेली. लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. ऑड्री तेव्हा १५ वर्षांची, आर्न्हेमजवळ वेल्प गावात. पंडुरोग, अंगावर सूज. नर्तकी व्हायचं होतं, त्या शरीराला पुढे ते झेपलं नाही.

हॉलंड सुटलं मे १९४५ मध्ये. युनिसेफ जन्माला आलं ११ डिसेंबर १९४६ ला. म्हणजे तिच्यापर्यंत जे अन्न, औषध, कपडे आले ते 'अन्रा' नावाच्या आधीच्या मदतसंस्थेकडून. ती संस्था गुंडाळताना उरलेला पैसा आणि काम मुलांच्या निधीकडे गेलं, तेच युनिसेफ. ऑड्री स्वतः मुलाखतींत हे एकत्रच सांगायची, त्यामुळे सगळीकडे तसंच छापून येतं.

आणखी एक, जे फोटोखालच्या ओळींत कधी येत नाही. तिची आई तिशीच्या दशकात हिटलरवर भाळलेली होती. मग १९४२ मध्ये जर्मनांनी ऑड्रीच्या मावशीच्या नवऱ्याला ओलीस धरून गोळ्या घातल्या. त्या घरातून आलेली बाई आहे ही. युद्धाबद्दल ती जे बोलायची त्याला हे अस्तर होतं. काडेपेटी, तुमच्या यादवीच्या मुद्द्यावर: उपासमारीमागे माणसानेच केलेलं युद्ध असतं हे ती पुन्हा पुन्हा बोललेली आहे. फोटोत ते येत नाही हे मान्य, पण तिच्या बोलण्यात आलं होतं.

आळशी_अजगर

पुस्तककीडा यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

अवांतर: पुलंच्या फुलराणीची विलायती बहीण म्हणजे हीच ना?

पुस्तककीडा

'माय फेअर लेडी' सिनेमातली, हो. भक्ती बर्वेंपुढे डावं-उजवं करू नका, इथे दंगा होईल.

परळकर

युनिसेफ म्हणजे आफ्रिका आणि फोटो असं समीकरण झालंय म्हणून थोडं घरचं सांगतो. मी परळला वाढलो, हाफकिनच्या भिंतीला लागून. प्लेगच्या लशीपासूनचा इतिहास आहे त्या आवाराला. तिथून निघालेली तोंडावाटे द्यायची पोलिओ लस युनिसेफमार्फत परदेशांत गेली आहे. म्हणजे कुठल्याशा देशातल्या पोराच्या जिभेवरचे दोन थेंब आमच्या परळचे असू शकतात. आम्हाला शाळेत हे कुणी सांगितलं नाही.

पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना (१९५४) उभा राहिला तो युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. आणंदची दूध पावडर करायची यंत्रं (१९५५) युनिसेफची, बदल्यात मुलांना दूध फुकट वाटायचं अशी अट. त्याच कैरा जिल्ह्याचं दूध आधीपासून रोज मुंबईला यायचं. गावोगाव दिसणारा तो दणकट हातपंप, 'इंडिया मार्क टू', तोही युनिसेफच्या खटपटीतला, आणि तो बेतला गेला सोलापूर पंपावरून. आपल्या सोलापूरवरून!

यातल्या एकाही गोष्टीचा फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही. पंपाबरोबर कोण फोटो काढणार?

अवांतर: पीटर उस्तिनोव्ह हा नटही युनिसेफचाच दूत. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी इंदिरा गांधी ज्याला मुलाखत द्यायला घरातून निघाल्या होत्या, तो हाच. बागेत कॅमेरा लावून वाट बघत बसला होता.

काडेपेटी

परळकर, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. पंप, पावडर, लस. तारका कुठे लागली यात?

चौथी_सीट

पैसे कुठून आले ते विचारा की. युनिसेफ वर्गणीवर चालतं, सरकारांच्या आणि लोकांच्या. संयुक्त राष्ट्रांच्या ठरलेल्या बजेटातून त्याला भरघोस काही मिळत नाही. दर वर्षी झोळी घेऊन उभं राहावं लागतं आणि झोळीकडे लोकांनी बघावं म्हणून कुणीतरी लागतं. ऐंशीच्या दशकात युनिसेफच हिशोब सांगायचं की जगात रोज ४०,००० मुलं मरतात. हा आकडा वाचून आपण पान उलटतो. ती बाई समोर बसून बोलली की उलटत नाही, एवढाच तिचा उपयोग. पण तो उपयोग लहान नाही.

सायनची_रेसिडेंट

बालरोग विभागातली आहे, ड्यूटी संपवून लिहितेय, चुका पोटात घाला.

ऑड्री लोकांच्या गळी नेमकं काय उतरवत होती हे कुणी लिहिलं नाही म्हणून. तेव्हा युनिसेफचे प्रमुख होते जेम्स ग्रँट. त्यांचा धोशा चार गोष्टींचा: बाळाचं वजन नियमित करा, जुलाबात जलसंजीवनी (ओआरएस) द्या, अंगावरचं दूध पाजा, लशी टोचा. चारही स्वस्त. डॉक्टरही लागत नाही. जलसंजीवनीचं श्रेय मोठ्या प्रमाणात आपल्याच माणसाचं, डॉ. दिलीप महालनबीस. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणानंतर.

ऑड्री १९८९ मध्ये बांगलादेशात गेली तेव्हा तिथे ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या बायका दारोदार जाऊन आयांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळाचं पाणी करायला शिकवत होत्या. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरं केली त्यांनी. पुन्हा वाचा, दारोदार.

त्याच १९८९ मध्ये आमच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांना दुसऱ्या आयांचं दूध. आजही चालू आहे. पहाटे तीनला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) एक किलोच्या बाळाला नळीने दोन-दोन मिली तेच दूध जातं. तारका वगैरे काही नाही, एक स्टीलचा फ्रीज, पाश्चरायझर आणि रजिस्टर आहे.

मुलुंडची_मीना

डॉक्टर, दंडवत तुम्हाला. झोपा आता.

सिस्टरबाई

मी महापालिकेच्या हेल्थ पोस्टवर एएनएम, म्हणजे परिचारिका, होते, आता निवृत्त. धागाकर्तीने मुंबईतली उदाहरणं मागितली म्हणून एक सांगते. नाव विचारू नका, सांगणार नाही.

पल्स पोलिओचा रविवार. मानखुर्दच्या एका वस्तीत आमचा बूथ, म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, पिवळं बॅनर. मालिकेतली त्या वेळची एक फार लाडकी सून येणार म्हणून वरून निरोप. साडेनवाची वेळ, आली अकराला. तोवर गल्ली अशी भरली की ज्या बायका पोरांना घेऊन येत होत्या त्या आत येईनात. गर्दी सगळी सुनेसाठी, कडेवर पोर एकीच्याही नाही.

फोटोवाल्याला कुपी दिसायला हवी होती. म्हणून व्हॅक्सिन कॅरिअरचं, म्हणजे लशीच्या थंड डब्याचं, झाकण उघडंच ठेवा म्हणाला. मे महिना. कुपीवर एक गोल असतो, त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली, दोन्ही सारखे गडद झाले की फेकून द्यायची. ऊन लागलं की चौकोन गडद होत जातो. मी झाकण लावलं. त्याने उघडलं. मी पुन्हा लावलं आणि त्यावर बसले. आमचे साहेब लाल झाले, पण बसलेल्या बाईला उठवणार कोण!

सुनेने एका पोराला दोन थेंब पाजले, फोटो झाला. ते पोर आधीच पाजलेलं होतं, करंगळीच्या नखावर शाई होती. चालतं म्हणा, ज्यादा थेंबाने काही होत नाही.

आता खरं सांगायचं ते पुढे. ती गाडीकडे निघाली, तर मला म्हणाली, सिस्टर, ह्या दारांवर खडूने लिहिलंय ते काय? मी सांगितलं, सगळी पोरं झाली की 'पी', कुणी राहिलं तर 'एक्स'. एक्सवाल्या घरी का राहिलं, तिने विचारलं. म्हटलं, आजी नको म्हणते, या औषधाने पुढे मूलबाळ होत नाही असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय. आम्ही जाऊन थकलो. ती म्हणाली, चला. फोटोवाला निघाला मागे, त्याला हाताने थांबवलं. जिना म्हणजे लोखंडी शिडी, ती चपला काढून चढली. आजी बघतच राहिली. पाच मिनिटं मालिकेतल्या सासूची यथेच्छ निंदा झाली. मग नातवाला आजीनेच मांडीवर घेतलं आणि आ कर म्हणाली.

आजीने लशीवर विश्वास ठेवला नाही, मालिकेतल्या सुनेवर ठेवला. मला चाललं. खडूने एक्सचा पी केला आणि खाली आले.

आळशी_अजगर

"त्यावर बसले" __/\__

चौथी_सीट

सिस्टर, हा प्रतिसाद म्हणजे स्वतंत्र धागा आहे. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

काडेपेटी

सिस्टरबाई, गोष्ट झकास. पण हिशोब करा. एका नातवासाठी गाड्यांचा ताफा, साहेब, फोटोवाला, दीड तास बूथ बंद. त्या दीड तासात किती पोरं परत गेली?

सिस्टरबाई

गेली तर गेली. सोमवारपासून आम्ही घरोघर जातोच. बूथ हा एका दिवसाचा, घरभेटी पुढचे दिवस. परत गेलेली पोरं आमच्या पायांनी सापडतात. तो नातू माझ्या पायांनी सापडत नव्हता. तुमचा हिशोब वहीत बरोबर आहे, वस्तीत नाही.

भारतातला शेवटचा पोलिओ जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला मुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्यात बच्चनसाहेबांचं ते 'दो बूंद' होतं हे मी नाकारत नाही. टीव्हीवर ते ओरडले की दुसऱ्या दिवशी बायका आपणहून यायच्या, हे मी बघितलंय. पण ते ओरडायचे आणि खाली पाजायला कुणीतरी उभं असायचं. २०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडीत गोवर आला, पोरं गेली. तेव्हा ओरडणारं कुणी नव्हतं आणि कोविडच्या धामधुमीत नेहमीच्या लशीही मागे पडल्या होत्या.

दादरकर_जुना

मुंबईतलं उदाहरण हवं तर नर्गिस दत्त. डॉ. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली, त्याची पहिली आश्रयदाती नर्गिस. त्या काळी अशा मुलांना घराबाहेर काढत नसत हो. पाहुणे आले की आतल्या खोलीत. शाळा तर सोडाच. तेव्हा देशातल्या सगळ्यात मोठ्या नावाने या मुलांच्या बाजूला उभं राहणं, यात निव्वळ देणगीपेक्षा जास्त काही होतं. आमच्या चाळीत एक मुलगा असाच होता. त्याची आई पहिल्यांदा त्याला गॅलरीत घेऊन बसली तेव्हा शेजारच्यांनी खुर्च्या आत घेतल्या होत्या. अशा बाईला नर्गिस किती पुरली असेल ते मी सांगू शकत नाही, पण पेपरातलं कात्रण तिने कपाटाच्या दाराला लावलेलं मी पाहिलंय.

मराठीत म्हणाल तर डॉ. लागू, निळू फुले. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी गावोगाव नाटकाचे प्रयोग केले आणि पैसा उभा केला, कार्यकर्त्यांना महिन्याचं मानधन मिळावं म्हणून. मुलांसाठी म्हणून नव्हे, पण पद्धत बघा. स्वतःला जे येतं ते केलं आणि तिकिटाचा पैसा दिला.

धारावी_१७

खूप दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. मी अंगणवाडी सेविका आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात अंगणवाड्यांची योजना सुरू झाली, त्या पहिल्या ३३ प्रकल्पांत आमची धारावी होती. म्हणजे आम्ही ऑड्रीबाईंच्या आधीच्या.

काडेपेटी दादांनी फोटोतल्या मुलाचं नाव विचारलं ते मला पटलं. आमच्याकडे पाहुणे येतात, कंपन्यांचे येतात, कधी टीव्हीवाले. सगळ्यांना 'सॅम'चं, म्हणजे अतितीव्र कुपोषित, मूल हवं असतं. दंडाला पट्टी लावायची, काटा लाल भागात गेला पाहिजे, म्हणजे दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली. पट्टी हिरव्यात गेलेलं मूल कुणाला नको. मी चार महिने मागे लागून जे मूल लालचं पिवळ्यात आणि पिवळ्याचं हिरव्यात आणते, त्याचा फोटो कुणी मागितला नाही. आईला विचारायचं तर विसराच. एका आईने मला नंतर सांगितलं, ताई, गावाला सासऱ्यांनी तो फोटो बघितला, म्हणाले पोराला उपाशी ठेवता का. ती मुंबईत दोन घरची धुणीभांडी करून पोर वाढवतेय. तिला तो फोटो किती महाग पडला बघा.

आणि आता कॅमेरा आमच्याच हातात दिलाय. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चेहरा जुळला तर रेशनचं पाकीट. दुपारी एकला नेटवर्क गेलं की बाई पोर घेऊन गल्लीत मोबाइल वर धरून उभी.

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही मानधनासाठी संपावर गेलो, आझाद मैदानात बसलो. मुलांबद्दल कळवळा असणाऱ्या कुणी तेव्हा आमच्या शेजारी येऊन बसलं असतं तर मी त्याचा फोटो स्वतः फॉरवर्ड केला असता.

काडेपेटी

ताई, लिहीत राहा.

पुस्तककीडा

धारावी_१७, तुमचा मुद्दा अगदी मर्मावर आहे. एक जोडतो. ऑड्रीबरोबर फिरणारा संयुक्त राष्ट्रांचा छायाचित्रकार जॉन आयझॅक हा मूळचा तमिळनाडूचा. त्याने सांगितलेलं आहे की मुलांच्या अंगावर माश्या बसलेल्या असायच्या, इतर लोक जरा बिचकायचे, ही सरळ जाऊन मिठी मारायची आणि मुलं आपणहून येऊन तिचा हात धरायची. त्यांना ती नटी आहे हे माहीत असायचं कारणच नव्हतं. त्या मुलांच्या लेखी ती आलेली एक बाई. आपल्या सुनेच्या उलट. सून आजीच्या घरी चालली ती ओळखीमुळे.

म्हणजे तारकेची ओळख ज्यांना आहे तिथेच ती वटते. ऑड्रीचा चेहरा वॉशिंग्टनला, लंडनला. मानखुर्दला मालिकेतली सूनच हवी.

चौथी_सीट

हे आवडलं. आणि सोमालियाबद्दल लिहायचं राहिलं होतं. सप्टेंबर १९९२. तिथे सरकारच उरलं नव्हतं, टोळ्यांच्या हाती बंदुका, व्हिसा मागायलाही कुणी नाही. परत येऊन तिने पत्रकारांना सांगितलं की विमानातून खाली लाल माती दिसते, छावण्यांच्या भोवती त्या मातीवर लाटा उठल्यासारखं दिसतं, आणि जवळ गेल्यावर कळतं की ती थडगी आहेत. आकडेवारी कितीही सांगा, हे डोळ्यांसमोरून जात नाही. असं बघणं आणि तसं सांगता येणं हे अभिनयाचं शिक्षण असेल का, मला माहीत नाही, पण कामाला आलं. तेव्हाच पोटात दुखत होतं. नोव्हेंबरात शस्त्रक्रिया, जानेवारीत गेली. मार्च १९९३ मध्ये ऑस्करवाल्यांनी मानवतावादी कामाचं पारितोषिक दिलं, मुलाने घेतलं.

फास्टलोकल

एवढं सगळं वाचलं. एक प्रश्न कुणीच विचारला नाही. तीच तारका सकाळी मुलांच्या पोषणावर बोलते आणि संध्याकाळी साखरेचं पाणी विकते, त्याचं काय? आमच्याकडे पोराला जुलाब झाले तर बायको दुकानातून गोड ज्यूसचा टेट्रापॅक घेऊन आली, त्यावर ठळक 'ओआरएस' लिहिलेलं.

सायनची_रेसिडेंट

त्यावर आता बंदी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोड पेयांच्या वेष्टनावर 'ओआरएस' लिहायला मनाई केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं एकट्या भांडत होत्या त्यासाठी. जुलाबात जास्त साखरेचं पेय दिलं तर पाणी शोषलं जायच्या ऐवजी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात. जुना माल कुठे दिसला तर घेऊ नका. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का ते बघा, मेडिकलमध्ये पावडरचं पाकीट मिळतं, हेल्थ पोस्टवर फुकट.

तारकेच्या करारात कुठलं पेय विकायचं हे तिच्या हातात असतं. नाही म्हणता येतं. त्याला दौरासुद्धा लागत नाही.

काडेपेटी

+१००. या धाग्यात डॉक्टरांशी मी पहिल्यांदा बिनशर्त सहमत.

फास्टलोकल

पाकीट नसेल तर घरी कसं करायचं? इंटरनेटवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सिस्टरबाई

एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, सपाट, शीग लावायची नाही. आधी मीठ घालून चाखायचं, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नवं करा. लिंबू पिळलंत तरी चालेल. वाटीचमच्याने घोट घोट पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकायचं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, कितीही म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं तरी. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण करायच्या, त्याही पोस्टवर मिळतात. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल पेंगतंय असं दिसलं की हे सगळं सोडून रिक्षा करा.

फास्टलोकल

धन्यवाद सिस्टर. बायकोला फॉरवर्ड केलं.

सिस्टरबाई

तिला कशाला? तुम्ही शिका.